विजापूरची जामी मशीद : एका अपुऱ्या वास्तूची पुरी कहाणी

विजापूर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा गोलघुमट उभा राहतो. सोलापूर, सांगली, बेळगाव, कलबुर्गी अशा कुठल्याही बाजूने शाळेची सहल विजापुरात शिरली, तरी तिचा पहिला मुक्काम तिथेच. मुले सज्जात चढतात, टाळ्या वाजवतात, प्रतिध्वनी मोजतात आणि खाली उतरतात. पुढे वेळ उरला तर मलिक-ए-मैदान तोफ, इब्राहिम रोझा आणि मग परतीची गाडी. गोलघुमटाच्या नैर्ऋत्येला, चालत सहज जाता येईल अशा अंतरावर असलेल्या जामी मशिदीकडे वळणारे थोडे. वळले तरी दहा मिनिटांत बाहेर पडणारेच अधिक.

यात मशिदीचाही थोडा दोष आहे असे म्हणावे लागेल. तिच्यापाशी प्रतिध्वनी नाही, तोफ नाही, पाहताक्षणी थक्क करणारी उंची नाही. तिच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यांवर जे मिनार व्हायचे होते ते कधी झालेच नाहीत. दर्शनी कमानींपैकी एकच सजली, बाकीच्या तशाच राहिल्या. पण ज्या युक्तीवर गोलघुमटाचा अवाढव्य घुमट उभा आहे, ती विजापूरच्या गवंड्यांनी मोठ्या प्रमाणावर साधली ती या मशिदीत. आदिलशाहीच्या भर काळात सुरू झालेली ही वास्तू त्या सत्तेच्या अस्तानंतरही कुणी ना कुणी हात लावीत राहिला. त्यामुळे एका सुलतानाची इच्छा, दुसऱ्याची हौस, एका मोगल बादशहाचा हिशेबीपणा आणि पुढच्या दोनशे वर्षांतली उपेक्षा असे सारे काही तिच्या अंगावर वाचता येते. विजापूरचा इतिहास आपल्याकडे बहुधा प्रतापगडाच्या पायथ्यापासून सांगितला जातो. तो एकदा या मशिदीच्या अंगणातून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

अली आदिलशहा पहिला

बहमनी राज्य मोडकळीला आल्यावर १४९०च्या सुमारास युसुफ आदिलखानाने विजापुरात आपली सत्ता उभी केली. मात्र विजापूरला राजधानीचे रूप आले ते युसुफचा पणतू अली आदिलशहा पहिला याच्या कारकिर्दीत. १५५८ ते १५८० अशी बावीस वर्षे त्याने राज्य केले. गगनमहाल त्याचा. शहराला वेढणारा प्रचंड तट त्याचा. आणि ही जामी मशीदही त्याचीच.

जामी मशीद म्हणजे शुक्रवारच्या सामुदायिक नमाजाची, साऱ्या शहराची मशीद. मध्ययुगात या मशिदीला राजकीय अर्थही असे. शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी जो खुत्बा वाचला जाई, त्यात राज्यकर्त्याचे नाव घेतले जाई. कुणाच्या नावाने खुत्बा वाचला जातो यावरून सत्ता कुणाची हे ठरे. टांकसाळीतले नाणे आणि मशिदीतला खुत्बा ही स्वतंत्र सत्तेची दोन लक्षणे होती. म्हणून राजधानी मोठी झाली की तिला साजेशी जामी मशीद उभी करणे सुलतानाला भाग असे.

विजापुरातली ही काही पहिली मशीद नव्हे. आदिलशाहीच्याही आधी, १३२०मध्ये, खिलजींचा अधिकारी करीमुद्दीन याने बालेकिल्ल्यात एक मशीद उभी केली होती. ती आजही आहे. तिचे खांब देवळांचे आहेत, हे कुणालाही पाहताक्षणी कळते. तिथल्या शिलालेखाचे एक वैशिष्ट्य असे, की त्यात ती बांधणाऱ्या कारागिराचे नावही आले आहे : रेवय्या नावाचा सालोटगीचा सुतार. सालोटगी हे इंडी तालुक्यातले गाव. जिंकणाऱ्याने देवळाचे खांब वापरावेत आणि ते उभे करायला इथलाच सुतार लागावा, हा त्या काळाचा दुपेडी व्यवहार. त्यातला एक पेड लपवून दुसरा सांगणे म्हणजे अर्धा इतिहास सांगणे.

जामी मशिदीपर्यंत येताना अडीच शतके उलटली होती. इथे देवळांचे खांब रचलेले नाहीत. दगडचुन्यात बांधून काढलेले चौकोनी जाड खांब, त्यांवर टोकदार कमानी, कमानींवर घुमट अशी ही सारी रचना मशीद म्हणूनच आखलेली आहे. दख्खनची आपली अशी एक बांधणी तोवर तयार झाली होती.

राक्षसतागडी आणि मशिदीचा पैसा

मशिदीच्या बांधकामाशी एक प्रसिद्ध हकीकत जोडलेली आहे. २३ जानेवारी १५६५ रोजी कृष्णेच्या परिसरात विजयनगरचा कर्ता पुरुष रामराय आणि दख्खनच्या सुलतानांची एकत्रित फौज यांच्यात लढाई झाली. हीच आपल्या इतिहासातली राक्षसतागडीची किंवा तालिकोट्याची लढाई. रामराय मारला गेला, हंपीची धूळधाण झाली आणि अमाप लूट सुलतानांच्या हाती लागली. त्या पैशातून अलीने ही मशीद सुरू केली, असे परंपरेने सांगितले जाते. प्रत्यक्ष कामाचा आरंभ मात्र १५७६च्या सुमारास झाला असावा, असा अभ्यासकांचा एक पक्ष आहे. तारीख कोणतीही धरली, तरी विजयनगरच्या पाडावानंतर कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबात विजापूरचा हात मोकळा झाला आणि राजधानीकडे पैसा वाहू लागला, यात शंका नाही. तट, पाणी, महाल आणि मशीद ही कामे या भरभराटीची आहेत.

या लढाईला फक्त धर्माच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांची इथे थोडी अडचण होते. कारण हाच अली त्याआधी काही वर्षे रामरायाचा दोस्त होता. रामरायाच्या मुलाचा मृत्यू झाला तेव्हा अली स्वतः विजयनगरला सांत्वनाला गेला आणि रामरायाच्या राणीने त्याला मुलगा मानले, असे फिरिश्ता लिहितो. हा फिरिश्ता पुढे विजापूरच्याच दरबारात बसून इतिहास लिहीत होता. दोघांनी मिळून अहमदनगरच्या निजामशहाचा मुलूख तुडवला. पुढे रामराय डोईजड झाला, तसे पारडे फिरले. हुसेन निजामशहाने आपली मुलगी अलीला दिली आणि तिच्यासोबत सोलापूरचा किल्ला आंदण दिला. ही मुलगी म्हणजे पुढे अहमदनगरच्या तटावर मोगलांशी झुंजलेली चांदबिबी. सोलापूरच्या किल्ल्यासाठी दोन शाह्या दीर्घकाळ भांडत होत्या. तो भांडणाचा तुकडा हुंड्यात गेला आणि तालिकोट्याची युती पक्की झाली. सीमेवरच्या गावांनी राजकारणात सोंगटी व्हायचे हे काही आजचे नाही.

चौकटी आणि चार गाळलेले खांब

आता मशिदीत शिरू. हिंदुस्थानातून मक्केची दिशा पश्चिमेची. त्यामुळे प्रवेश पूर्वेकडून, मध्ये मोकळे अंगण, अंगणात हौद, दोन बाजूंना कमानींच्या ओवऱ्या आणि समोर पश्चिमेला प्रार्थनेचे मोठे दालन. बाहेरच्या भिंतीही नुसत्या सपाट सोडलेल्या नाहीत. त्यांवर कमानींच्या दोन रांगा आहेत. खालची रांग भिंतीतच कोरल्यासारखी बंद, तर वरची उघडी आणि तिच्या आत फिरता सज्जा. एवढी लांब भिंत त्यामुळे जड वाटत नाही.

प्रार्थनेच्या दालनाचा हिशेब अगदी सोपा आहे. बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी कल्पाव्यात. रुंदीत नऊ, खोलीत पाच, म्हणजे एकूण पंचेचाळीस. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यावर एक जाड खांब आणि खांबाखांबांमध्ये कमान. प्रत्येक चौकटीवर एक उथळ घुमट आहे, पण तो बाहेरून दिसत नाही. वरून सारी सपाट गच्ची. आत उभे राहून कोणत्याही बाजूला पाहावे, तर एकामागे एक कमानी निमुळत्या होत जाताना दिसतात.

दालनाच्या मध्यभागी मात्र नऊ चौकटींची मिळून एकच मोठी चौकट केली आहे. त्यासाठी आतले चार खांब गाळले. त्या मोकळ्या जागेच्या चारही बाजूंना तीन-तीन अशा बारा कमानी उभ्या आहेत आणि त्यांच्या माथ्यावर मुख्य घुमट आहे. बाकी छत्तीस चौकटी त्याच्या भोवती. गर्दीच्या बाजारातून एकदम चौकात यावे तसे या जागी येताना वाटते. खांबांच्या रांगांतून चालत आलेल्या माणसाची मान आपोआप वर जाते.

रांगोळीतली चांदणी

वर पाहिल्यावर जे दिसते ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण विजापूरच्या गवंड्यांचे खरे डोके तिथे आहे.

घुमट बांधणाऱ्याची जुनी अडचण अशी, की खालची खोली चौकोनी आणि वरचा घुमट गोल. चौकोनावर गोल बसवायचा तर कोपऱ्यांचे काय करायचे? जगभर याची वेगवेगळी उत्तरे शोधली गेली. कुणी कोपऱ्यात तिरप्या कमानी टाकल्या, कुणी कोपरे आतल्या बाजूला वळवत नेले. विजापूरकरांचे उत्तर समजायला रांगोळीचा आधार घेता येईल. दिवाळीत अंगणात आपण एक चौकोन काढतो, त्यावर तेवढाच दुसरा चौकोन तिरपा ठेवतो आणि आठ कोनांची चांदणी तयार होते. त्या चांदणीच्या मधोमध आपोआप एक अष्टकोन सुटतो. अष्टकोन हा वर्तुळाच्या बराच जवळचा. त्यावर गोल घुमट सहज बसतो.

विजापूरच्या गवंड्याने ही रांगोळी हवेत काढली आणि तिच्या रेषांऐवजी कमानी वापरल्या. कडेच्या खांबांपासून निघालेल्या आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात आणि मध्ये अष्टकोनी बैठक तयार करतात. त्यांच्यामधल्या जागा चुन्यात भरून काढल्या की पाकळ्यांसारखे वळलेले पृष्ठभाग आतल्या बाजूला झुकतात. घुमटाचा घेर या बैठकीमुळे खालच्या चौकोनाहून लहान होतो.

यात दुहेरी फायदा आहे. घुमट नेहमी खालच्या भिंतींना बाहेर रेटत असतो. छत्रीवर दाब दिला की काड्या फाकतात, तसे. इथे आत झुकलेल्या या जड बांधकामाचे वजन उलट आतल्या बाजूला ओढते. बाहेरचा रेटा आणि आतली ओढ एकमेकांना तोलून धरतात. म्हणून एरवी जे जाडजूड टेकू द्यावे लागले असते, ते इथे लागले नाहीत. ब्रिटिश अभ्यासक जेम्स फर्ग्युसन याने १८६६मध्ये मेडोज टेलरसह विजापूरच्या वास्तूंवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. विजापूरच्या या युक्तीचे त्याने जगाच्या वास्तुशास्त्रात मोठे मोल केले.

जामी मशिदीच्या घुमटाचा व्यास साधारण ५७ फूट आहे. पुढे सतराव्या शतकाच्या मध्याला मुहम्मद आदिलशहासाठी गोलघुमट उभा राहिला, तेव्हा हाच व्यास आतून १२४ फुटांवर गेला. म्हणजे दुपटीहून अधिक. शिवाय गोलघुमटात मधले खांब मुळीच नाहीत. सुमारे अठरा हजार चौरस फुटांची जागा एकाच छताखाली आली. एवढी उडी कुणी अंधारात मारीत नाही. आठ कमानींची चांदणी किती भार पेलते, चुना किती दिवसांत धरतो, झुकलेले बांधकाम तडकते की टिकते, याचा अनुभव विजापूरच्या गवंड्यांनी आधी घेतला होता आणि त्यातला महत्त्वाचा वाटा या मशिदीचा. मशिदीच्या घुमटाखाली उभे राहून मग गोलघुमटात जावे, म्हणजे शिष्याने गुरूची विद्या कुठवर नेली ते कळते. उलट क्रमाने गेले तर मशीद लहान वाटते आणि आपण तिला न पाहताच परततो.

बाहेरून हा घुमट पाहावा तो अंगणाच्या पूर्व टोकाला उभे राहून. गच्चीच्या वर एक चौरस मजला, त्यावर कमळाच्या पाकळ्यांतून उमलल्यासारखा घुमट आणि शेंड्यावर चंद्रकोर. घुमटाच्या तळाशी असलेल्या या पाकळ्या म्हणजे विजापूरची सहीच. शहरातल्या बहुतेक मोठ्या घुमटांवर ती भेटते.

सजावट कुठे थांबली

या मशिदीचा साधेपणा डोळ्यांत भरतो. इब्राहिम रोझ्यावर जसे इंच इंच कोरीव काम आहे, तसे इथे नाही. दालनाच्या दर्शनी कमानींत मधली तेवढी पाकळ्यांची. तिच्या शेजारच्या साध्याच राहिल्या. वर खांद्यावर घेतलेल्या कोरीव दगडी तीरांवर तोललेला रुंद छज्जा आहे आणि त्याच्या सावलीने दर्शनी भाग दिवसभर बदलत राहतो. एवढेच काय ते अलंकरण.

हा साधेपणा मुद्दाम की नाइलाजाने? दोन्ही असावे. अली पहिला याचे स्वतःचे थडगेही विजापुरातल्या राजथडग्यांत साधे आहे. त्याला बांधकामाची आवड होती, कोरीव कामाची फारशी नव्हती, असे म्हणायला आधार आहे. पण मिनारांचे अपुरे राहणे मात्र नाइलाजाचे. १५८०मध्ये अलीचा खून झाला. त्याला मूल नव्हते. पुतण्या इब्राहिम अवघा नऊ वर्षांचा. त्याच्या नावाने चांदबिबी कारभार पाहू लागली आणि पुढची काही वर्षे सरदारांच्या भांडणांत गेली. इब्राहिम मोठा झाला, तो संगीताचा आणि नवरसांचा भोक्ता. सरस्वतीला वंदन करणारा हा सुलतान. त्याचे मन १५९९ पासून नवरसपूर या नव्या नगरीत गुंतले. चुलत्याच्या मशिदीचे मिनार तसेच राहिले. राजे बदलले की कामे राहतात. नवा राजा जुन्याचे पुरे करण्यापेक्षा आपले नवे सुरू करतो. मिनारांची रिकामी जागा हेच सांगते.

दाभोळचा याकूत

दालनाच्या पश्चिम भिंतीत, बरोबर मध्यभागी, मेहराब आहे. मेहराब म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा. बाकी मशीद जेवढी साधी तेवढा हा कोनाडा श्रीमंत. सोन्याचा मुलामा आणि रंग यांनी भरलेल्या या भिंतीवर खोटे कोनाडे रंगवले आहेत. त्यांत पुस्तके ठेवलेली, फुलदाण्यांत फुले, लोंबणाऱ्या साखळ्या, मिनार आणि घुमटांच्या आकृत्या. माणूस वा प्राणी कुठेही नाही. पण पुस्तके आणि फुले एवढी खरी, की एखाद्या विद्वानाच्या खोलीत डोकावल्यासारखे वाटते. भोवती फारसीत आयुष्याच्या क्षणभंगुरतेविषयीचा मजकूर आहे.

हे काम अलीच्या काळातले नाही. ते मुहम्मद आदिलशहाच्या काळात, हिजरी १०४५ मध्ये, म्हणजे इसवी सन १६३५-३६ मध्ये झाले. ते करवणाऱ्याचे नाव मलिक याकूत. याकूत दाबुली या नावाने तो ओळखला जातो आणि त्याची छोटी, सुबक जाळ्यांची कबर विजापुरातच आहे. दाबुली म्हणजे दाबूलचा. आपले कोकणातले दाभोळ फारसी लेखनात दाबूल होते. वासिष्ठीच्या मुखावरचे हे बंदर आदिलशाहीचा समुद्राकडचा एक दरवाजा होता. अरबस्तानाचे घोडे, हजचे यात्रेकरू, इराणचे विद्वान, परदेशचे कापड आणि रंग असे सारे काही अशा बंदरांतून उतरून घाट चढून विजापुरात येई. मशिदीतल्या सर्वांत देखण्या भिंतीवर आपल्या किनाऱ्याचे नाव आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

वर्षही लक्षात ठेवण्याजोगे. १६३६मध्ये शहाजहानने विजापूरशी तह केला, निजामशाही संपली आणि त्याच वर्षी शहाजीराजे आदिलशाही चाकरीत आले. म्हणजे मेहराबीवरचे सोने ताजे होते, तेव्हा भोसले घराणे विजापूरच्या दरबारात वावरू लागले होते. पुढच्या काही वर्षांत शहाजीराजे कर्नाटकात गेले आणि शिवाजीराजांनी मावळात वेगळाच डाव मांडला. या दरबाराशी झगडून स्वराज्य उभे राहिले हे खरेच आहे. पण ज्या दरबाराशी झगडलो, त्याची रीतभात, त्याचा कागदपत्र, त्याचा किल्लेबंदोबस्त आपल्याला आतून माहीत होता, कारण पिढ्यान्‌पिढ्या आपले देशमुख, देशपांडे आणि सरदार तिथे नांदले होते, हेही तेवढेच खरे.

औरंगजेबाच्या रेघा

सप्टेंबर १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले. शेवटचा सुलतान सिकंदर कैद झाला आणि जवळपास दोनशे वर्षांची आदिलशाही संपली. मशिदीत औरंगजेबाच्या दोन खुणा दाखवतात. एक म्हणजे पूर्वेकडचे प्रवेशद्वार. दुसरी खूण दालनाच्या जमिनीवर आहे. गुळगुळीत चुनेगच्चीवर काळ्या रेघांनी एकेका माणसाच्या नमाजाची जागा आखलेली आहे. प्रत्येक चौकट एका मुसल्ल्याएवढी, आणि अशा चौकटी सव्वादोन हजारांच्या घरात.

याविषयी विजापुरात एक हकीकत सांगतात. मशिदीतले मखमली गालिचे, सोन्याची लांब साखळी आणि इतर किमती वस्तू बादशहाने उचलून नेल्या आणि त्या बदल्यात जमिनीवर या रेघा मारून दिल्या! हकीकत खरी असो वा विजापूरकरांच्या जखमी मनाने रचलेली असो, तिच्यात विजापूरचा मोगलांविषयीचा राग पुरेपूर उतरला आहे. हरलेले सुलतान मुसलमान, जिंकणारा बादशहा मुसलमान आणि मशीद दोघांनाही पूज्य. तरी गावाने लूट ती लूटच म्हटली. दख्खनी माणसाने उत्तरेच्या बादशहाला केलेला हा टोमणा मराठी कानाला परका वाटू नये.

उपेक्षेची दोनशे वर्षे

औरंगजेबानंतर विजापूर राजधानी राहिले नाही आणि राजधानी न राहिलेल्या शहराची रया फार लवकर जाते. शहर निजामाकडे गेले. १७६०मध्ये उदगीरच्या लढाईनंतर ते पेशव्यांकडे आले. १८१८ नंतर साताऱ्याच्या छत्रपतींकडे आणि सातारा संस्थान १८४८मध्ये खालसा झाल्यावर इंग्रजांकडे. मराठी अंमलात इथल्या पडक्या महालांची लाकडे काढून नेली गेली, अशी तक्रार इंग्रजांच्या लेखनात येते. तिच्यात इंग्रजांचा आपमतलब मिसळलेला असेलही. पण आपल्या लोकांनीही विजापूर जपले नाही, हे मान्य करायला संकोच वाटू नये.

१८८५मध्ये जिल्ह्याचे ठाणे कलादगीहून विजापूरला हलवले गेले आणि जुन्या महालांत कचेऱ्या थाटल्या. ज्यांत कचेऱ्या बसल्या त्या वास्तू वापरामुळे टिकल्या, पण बदलल्या. जामी मशीद वेगळ्या कारणाने टिकली. ती कधीच ओस पडली नाही. राजा गेला, दरबार गेला, तरी शुक्रवारचा नमाज चालू राहिला. विटा-दगडांना जपणारी सर्वांत खात्रीची गोष्ट म्हणजे त्यांचा नित्य उपयोग. आपल्या गावच्या जुन्या देवळांविषयीही आपण हेच पाहतो. आज ही मशीद भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. १९५६मध्ये विजापूर जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. २०१४मध्ये शहराचे अधिकृत नाव विजयपूर झाले. त्याच वर्षी दख्खनच्या सुलतानशाह्यांच्या वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाल्या. आपण मराठी माणसे मात्र अजून विजापूरच म्हणतो आणि त्यात कुणाचा अवमान नाही. नावे बोलणाऱ्याच्या जिभेप्रमाणे वळतात.

घरातले शब्द

आतापर्यंत या मशिदीचे वर्णन करताना कोणते शब्द वापरले ते पाहा. मशीद, मिनार आणि मेहराब सोडा, ते त्या धर्माचेच. पण कमान, दालन, हौद, गच्ची यांचे काय? कमान म्हणजे फारसीत धनुष्य. हौद मूळचा अरबी. दालन फारसी दालानातून आलेले. गच्चीतला ‘गच’ म्हणजे फारसीत चुना. भिंतीला आपण देतो तो गिलावा, वाड्याच्या छताला ठोकतो ती तख्तपोशी, कडेला काढतो तो कंगोरा, पाहुणे बसवतो तो दिवाणखाना, हे सारे त्याच वाटेने आपल्या घरात आले. खुद्द मेहराबही आली आहे. लग्नाच्या मांडवाच्या दारी जी पानाफुलांची मेहेरप आपण उभारतो, ती तीच. आपल्या शेजारच्या कानडी घरातही कमानीला कमानुच म्हणतात.

हे शब्द केवळ ऐकून आले नाहीत. कामाबरोबर आले. विजापुरात शे-दोनशे वर्षे अखंड बांधकाम चालू होते. दगड फोडणारे, चुना मळणारे, परांची बांधणारे हात इथल्याच गावांतले असणार. सालोटगीच्या रेवय्याचे नाव शिलालेखात राहिले, बाकीच्यांची राहिली नाहीत. काम संपल्यावर ते गावी परतले आणि त्यांच्याबरोबर कमान आणि गच्ची गावोगावच्या वाड्यांत, घाटांवर आणि देवळांतही शिरली. आपल्या मुलखातली पुढच्या काळातली कितीतरी देवळे पाहावीत. गाभाऱ्यावर घुमट, मंडपाला पाकळ्यांच्या कमानी, घुमटाच्या तळाशी कमळाच्या पाकळ्या. विजापूरच्या दख्खनी बांधणीची ओळख त्यांत लपत नाही आणि तिथे आरती करताना कुणाला ती खुपतही नाही.

दफ्तराचेही तसेच. इब्राहिम आदिलशहा पहिला याने, म्हणजे अलीच्या बापाने, जमाखर्चाचे कागद फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची आणि ते काम ब्राह्मणांकडे सोपवण्याची पद्धत सुरू केली, असे फिरिश्ता नोंदवतो. आदिलशाही फर्माने वर फारसीत आणि खाली मोडीत मराठीत, अशी दोन्ही भाषांत सापडतात. एका कागदावर दोन लिप्या नांदत होत्या. दोन भाषांच्या जिल्ह्यांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटायला नको. घरात एक, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा ही आपली आजची रीत चारशे वर्षांपूर्वीही याच मुलखाची रीत होती.

म्हणूनच ही मशीद कुणाची, हा प्रश्न आला की उत्तर सावकाश द्यावे. नमाज पढणाऱ्यांची ती पहिली, हे उघड आहे. पण तिच्या चुन्यात कृष्णाकाठच्या लुटीचा पैसा आहे, दाभोळच्या याकूताचे सोने आहे, दिल्लीच्या बादशहाच्या रेघा आहेत आणि नाव नसलेल्या शेकडो गवंड्यांचे कसब आहे. यांतला एक धागा ओढून काढला तर वीण उसवते. अभिमान असो की राग, दोन्ही पूर्ण माहितीवर उभे असावेत.

पुढच्या वेळी मुलांना घेऊन विजापूरला जाल, तेव्हा क्रम बदलून पाहा. नमाजाची वेळ टाळून आधी जामी मशिदीत जा. खांबांच्या रांगांतून मधल्या मोकळ्या जागेत या, मुलांना वर पाहायला सांगा आणि रांगोळीतली आठ कोनांची चांदणी त्यांनाच शोधू द्या. मग मेहराबीवर रंगवलेली पुस्तके मोजा, पायाखालच्या काळ्या रेघा पाहा, बाहेर पडताना न झालेल्या मिनारांची जागा दाखवा. त्यानंतर गोलघुमट. तिथेही मुलांनी टाळ्या वाजवाव्यात. मात्र टाळी वाजवण्याआधी त्यांनी मान वर करून ती चांदणी पुन्हा एकदा ओळखावी.